स्थावर नाद, जंगम नाद

बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला जाताना बालाघाटाच्या डोंगररांगेत जी एक खोल घळ लागते, तिच्या कुशीत कपिलधार हे क्षेत्र वसलेले आहे. कपिलमुनींची स्मृती त्याच्या नावात राहिली आहे, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणाऱ्या जलधारेने त्याची कीर्ती दूरवर नेली आहे. परंतु मराठी वीरशैवांच्या लेखी त्याचे खरे माहात्म्य आहे ते 'परमरहस्या'चे कर्ते संतकवी मन्मथस्वामी यांच्या समाधीमुळे. कार्तिकी पौर्णिमेला, धबधब्याची धार बारीक होऊ लागलेली असते अशा वेळी, मराठवाड्यातील गावोगावांहून आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेपलीकडूनही पायी दिंड्या येथे येऊन पोहोचतात, आणि मग दोन-तीन दिवस त्या घळीत मनुष्याच्या आवाजाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही.

दुसरे काही, असे मी सवयीने लिहून गेलो. वस्तुतः आता तेथे यंत्राचाही आवाज असतो. एका यात्रेत मी समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर, रुद्राक्षांच्या माळा आणि विभूतीचे गोळे मांडलेल्या एका दुकानापाशी, दिंडीच्या गर्दीला वाट देण्यासाठी कडेला थांबलो होतो. दुकानाच्या बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून शिवपाठ चालू होता. गाणारा गवई कसलेला होता. साथीला संवादिनी, तबला आणि टाळ होते. त्या कर्ण्याच्या बरोबर खाली, आपले गाठोडे मांडीशी धरून, एक वृद्धा बसली होती आणि तोच शिवपाठ म्हणत होती. परंतु कर्ण्याच्या लयीने नव्हे. तिची लय संथ होती. कर्णा दोन शब्द पुढे निघून जाई, ती आपल्या चालीने मागून येई, आणि पालुपदाशी दोघांची क्षणमात्र गाठ पडून पुन्हा फारकत होई. थोड्या वेळाने दुकानदाराने शिवपाठ मध्येच बंद करून गिऱ्हाइकांना खेचणारे दुसरे गाणे लावले. वृद्धेच्या म्हणण्यात खंड पडला नाही. कर्ण्यात काय बदलले हे तिच्या ध्यानातही आले नसावे.

या दोहोंपैकी भजन कोणते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे. त्याचे सोपे उत्तर कोणीही देईल, की वृद्धेचे ते भजन आणि कर्ण्याचा तो केवळ ध्वनी. मला ते उत्तर चुकीचे वाटत नाही, अपुरे वाटते. कारण ज्या परंपरेच्या अंगणात उभा राहून मी हे ऐकत होतो त्या परंपरेने या प्रश्नाचा विचार, त्याला यंत्राचे रूप येण्याच्या कित्येक शतके आधी, फार खोलवर केलेला आहे. स्थावर आणि जंगम हे भेद वीरशैवांच्या तत्त्वज्ञानात केवळ मालमत्तेचे नाहीत. दगडाचे देऊळ, एका जागी रोवलेले लिंग, कोणा धनिकाने खर्चून उभारलेली वास्तू, हे सर्व स्थावर. आणि चालता-बोलता साधक, त्याच्या देहावर वसणारे इष्टलिंग, गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी येणारा पंचाक्षरी मंत्र, हे जंगम. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सहकारी शरणांनी या दोहोंची तुलना केली तेव्हा त्यांनी आपला कौल निःसंदिग्धपणे जंगमाच्या बाजूने दिला. लिंगपूजा ज्याची त्याने, आपल्याच तळहातावर करावयाची. ती दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, तिला मुखत्यार नेमता येत नाही. मग नामस्मरणाला तरी मुखत्यार कसा चालावा? ध्वनिमुद्रिका हा नादाचा स्थावर अवतार आहे. जो आवाज उठताच विरून जावयाचा, तो तिच्यात खिळवून ठेवलेला असतो. तेव्हा बसवेश्वरांचा कौल तिला लागू करून हा विषय येथेच मिटवावा, असे प्रथमदर्शनी वाटते.

तसे मिटवणे मला जमले नाही, याला कारण मुंबईतील एका कंपनीचा इतिहास आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यापार प्रथमपासून परकीयांच्या हाती होता. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि गौहरजानसारख्या गायिकांचे आवाज त्यांनी मेणावर उतरवून घेतले. त्या मेणावरून तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना हा आवाज कोणाचा हे कळावे, म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारीत असे. १९०८ साली कंपनीने कलकत्त्यास सियालदा येथे स्वतःचा कारखाना काढला, आणि कर्ण्यापुढे बसून धन्याचा आवाज ऐकणाऱ्या श्वानाचे तिचे चिन्ह घरोघर पोहोचले. त्या चिन्हाखालील तीन इंग्रजी शब्दांचा अर्थच मुळी 'त्याच्या धन्याचा आवाज' असा आहे. पुढे इतर विलायती कंपन्याही आल्या. पण कोणाचा आवाज टिकवावयाचा आणि कोणाचा हवेत विरू द्यावयाचा, याचा निवाडा बहुतांशी दूरच्या कचेऱ्यांतून होत राहिला.

अशा काळात, १९३५ साली, मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली आणि तिने आपल्या तबकड्यांवर 'यंग इंडिया' ही मोहोर उठवली. हे नाव त्या वेळी मराठी कानांना नवीन नव्हते. गांधीजींच्या साप्ताहिकाने ते देशभर नेले होते. आणि योगायोग असा, की १९३१ च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनला गेलेल्या गांधीजींचा आवाज कोलंबिया कंपनीने मुद्रित करू म्हटले तेव्हा, राजकारणावर बोलण्याचे नाकारून, त्यांनी आपला ईश्वरविषयक एक जुना लेख वाचून दाखवला; आणि तो लेख १९२८ साली प्रसिद्ध झाला होता तो त्याच 'यंग इंडिया'त. यंत्राविषयी ज्यांचे आक्षेप जगजाहीर होते त्या महात्म्याने, यंत्रात एकच गोष्ट ठेवावयाची तर ती ईश्वराविषयीची असावी, असे ठरवले. या निवडीवर आपल्याकडे जितका विचार व्हावयास हवा होता तितका झालेला नाही, असे मला वाटते.

मुंबईच्या या कंपनीने वीस वर्षांत सुमारे दहा हजार गीतांच्या मुद्रिका काढल्या. दहा इंचांची, लाखेच्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी; एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. चित्रपटगीते, भावगीते, रागदारी, लोकगीते, शिक्षणोपयोगी मजकूर असे सर्व काही तिच्या यादीत होते. परंतु या कंपनीचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. तिचे कलावंत बहुतांशी हौशी किंवा नवोदित असत. ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारी उभे राहण्याची छाती झाली नसती, अशा पुष्कळ कंठांची मुद्रा तिने लाखेवर उमटवून घेतली. १९५५ साली ती बंद पडली. मोठ्या कंपन्यांची गाणी पुढे लाँगप्लेवर आली, कॅसेटवर आली, चकचकीत चकत्यांवर आली. 'यंग इंडिया'च्या गाण्यांना असा कोणी वारस राहिला नाही, म्हणून ती जुन्या बाजारात, माळ्यावरच्या पेट्यांत आणि काही निष्ठावंत संग्राहकांच्या कपाटांत तेवढी उरली. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या मंडळींनी त्यांचा माग काढला, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या, विनाशाच्या वाटेवर असलेली दफ्तरे जतन करण्याच्या उपक्रमातून त्यांतील पुष्कळ मुद्रिकांच्या प्रती उतरवून घेण्यात आल्या.

येथे मराठी भाषेने आपल्याला एक शब्द देऊन ठेवला आहे, त्याच्याकडे लक्ष द्यावे. आपण तबकडीला ध्वनिमुद्रिका म्हणतो, आणि अभंगाच्या शेवटच्या चरणात येणाऱ्या संताच्या नावाला नाममुद्रा म्हणतो. मुद्रा म्हणजे ठसा, मोहोर. जुन्या अंमलात बंद लखोट्यावर जी मोहोर होत असे ती लाखेवर उठवलेली असे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या स्रावातून निघणारी तीच लाख पुढे तबकडीच्याही कामी आली. शरणांच्या वचनांतही प्रत्येकाचे अंकित निराळे: बसवेश्वरांचे कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचे चेन्नमल्लिकार्जुन. नावाडी अंबिगर चौडय्या, मादार चेन्नय्या, डोहार कक्कय्या, ज्यांना त्या काळच्या विद्वत्सभेत कोणी उभे केले नसते त्या सर्वांचा शब्द कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, ऐकला गेला. हॅनोव्हरच्या कारागिरासाठी आपले नाव उच्चारणारी गौहरजान आणि आपले पद देवाच्या हवाली करताना शेवटी नाव घालणारा संत यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मी जाणतो. पण दोघांच्याही कृतीत एक साक्ष आहे, की हा शब्द कोणा एका देहातून आला, तो निनावी नाही. 'यंग इंडिया'ने जे केले ते मला म्हणून धर्माच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. धन्याच्या आवाजाखेरीज इतरांचाही आवाज ठेवण्याजोगा आहे, असे तिने व्यवहारात मानले. मग त्यात नफ्यातोट्याचा हिशेब कितीही असो. बसवेश्वर स्वतः कल्याणच्या बिज्जल राजाच्या खजिन्याचा हिशेब पाहत होते, आणि कायकाला, म्हणजे श्रमाच्या कामाला, त्यांनी कैलासाहून कमी लेखले नाही.

मात्र मुद्रिकेचा बंदिस्तपणा नाकारता येत नाही. भजनात पालुपद किती वेळा घ्यावयाचे हे कोणी आधी ठरवून ठेवलेले नसते. मन जेथवर निवत नाही तेथवर ते फिरत राहते, एखाद्या रात्री एकाच ओळीपाशी मंडळी घटकाभर थांबतात. तबकडीत हा निर्णय आधीच झालेला असतो. तीन मिनिटे भरली की सुई मधल्या वर्तुळात येऊन घसरते, मग उठून चावी द्यावी, सुई बदलावी, बाजू उलटावी. गायकाला तर त्या तीन मिनिटांचे भय असे, आणि त्याच भयाने कित्येक थोरांना दूर ठेवले. अल्लादियाखाँ यांचा आवाज मुद्रित झालेला नाही. भास्करबुवा बखले यांचाही नाही. पण खाँसाहेबांच्याच शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातील केरी गावच्या, त्यांचा भैरवीतला एक तीन-साडेतीन मिनिटांचा तुकडा १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरून, सूर्यमालेच्या सीमेकडे रवाना झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या स्वतः निवर्तल्या. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही, शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या दिशेने चालला आहे. तरी खाँसाहेबांचे जयपूर-अत्रौली घराणे आज जिवंत आहे ते त्या तांब्याच्या तबकडीमुळे नव्हे, त्यांनी समोर बसवून दिलेल्या तालमीमुळे. त्याच घराण्याच्या वाटेने गेलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी शरणांची वचने गायिली, आणि ज्यांनी ती समोर बसून ऐकली त्यांना गायन आणि पूजा यांतील सीमारेषा सापडत नसे.

आपल्या दर्शनकारांपुढे तबकडी नव्हती, परंतु तिच्यामागचा प्रश्न होता. मीमांसकांचे म्हणणे असे, की शब्द नित्य आहे; उच्चाराने तो निर्माण होत नाही, केवळ प्रकट होतो, जसा अंधारातला घट दिवा आणल्यावर दिसतो. नैयायिकांचे म्हणणे याच्या उलट: शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि क्षणार्धात नाश पावतो, आपण पुन्हा ऐकतो तो तोच शब्द नव्हे, त्याच्या जातीचा दुसरा. आता मुद्रिका हाती घेतली तर प्रथम वाटते की मीमांसकांना प्रत्यक्ष प्रमाण मिळाले: रेघांत निःशब्द निजलेला ध्वनी सुई लागताच प्रकट होतो. पण जुन्या तबकड्या ज्यांनी वाजवल्या आहेत ते नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतील. पोलादी सुई दर खेपेस त्या रेघेचा कण कण खरवडते; आवडती तबकडी आधी झिजते, तिच्यातला सूर खरखरीखाली बुडू लागतो, आणि जिच्यावर कोणाचे प्रेम नव्हते ती मात्र कोरी राहते. ऐकण्यानेच जी नष्ट होते तिला नित्य कसे म्हणावे?

या वादाचा निकाल मी तर्काने लावू शकलो नाही. परंतु मन्मथस्वामींच्या ग्रंथाचे नाव मला पुनःपुन्हा विचार करावयास लावते. परमरहस्य म्हणजे परम गुह्य. जे गुरूने दीक्षेच्या वेळी, एकांतात, एकाच्याच कानात सांगावयाचे. स्वामींनी ते मराठी ओवीत आणले. ज्याला संस्कृत येत नाही, ज्याच्या गावी मठ नाही, ज्याला गुरूचे मुख पाहण्याचा योग या जन्मी येईल की नाही हे सांगता येत नाही, अशा माणसापर्यंत ते पोहोचावे म्हणून त्यांनी ते लेखणीच्या, म्हणजे स्थावराच्याच, हवाली केले. तेव्हा स्थावराचा उपयोगच नाही, असे कपिलधारेत उभे राहून म्हणता येणार नाही. पण त्या पोथीचे पुढे काय झाले तेही पाहावे. ती कपाटात पडून राहिली नाही. मराठवाड्यात गावोगाव अखंड शिवनाम सप्ताह बसतो, त्यात परमरहस्याचे पारायण होते; एक वाचतो, शंभर जण ऐकतात, रात्री शिवकीर्तन, उत्तररात्री जागर. कागदावर निजलेली ओवी पुन्हा मनुष्याच्या जिभेवर येते आणि जंगम होते. 'यंग इंडिया'च्या तबकड्या निघू लागल्या तेव्हा बीड निजामाच्या मुलखात होते. मुंबईच्या मालाला त्या मुलखात शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर थांबावे लागे, पण सीमेपलीकडच्या दिंडीतल्या माणसाच्या तोंडी असलेल्या ओवीवर कोणत्याही अंमलदाराला जकात बसवता आली नाही.

मुद्रिकेची परीक्षा, माझ्या मते, याच कसोटीवर करावी. ती ऐकून ऐकणाऱ्याचे तोंड उघडते की मिटते? तोंड मिटत असेल, म्हणजे घरात शिवपाठ लागला आहे, आता आपण म्हणण्याचे कारण नाही, अशी स्वस्थता येत असेल, तर ती मुखत्यारी झाली, आणि शरणांनी ती नाकारलेली आहे. आज देवघरात लहानशी पेटी बसवून तिच्यातून अहोरात्र मंत्र चालू ठेवण्याची जी रीत पडली आहे ती मला म्हणून मानवत नाही. तीत पुण्य करण्याचे काम विजेवर सोपवलेले असते. आणि तोंड उघडत असेल, तर ती मुद्रिका पोथीच्या बरोबरीची.

कपिलधारेच्या त्या वृद्धेशी मी नंतर बोललो. शिवपाठ इतका स्वच्छ पाठ कसा, गावात मठ आहे का, कोणा स्वामींनी शिकवला का, असे विचारले. मला वाटले होते, आई-आजीकडून आलेला असेल; तसे उत्तर मिळाले असते तर हा लेख चार ओळींत संपला असता.

"न्हाई बाबा, मला कुठं वाचाया येतंय?" ती म्हणाली. "थोरल्या ल्येकानं कॅशेट आणली व्हती यात्रंतून. रोज लावायची दिवेलागणीला. वाजून वाजून तुटली ती. मग काय, आपलं तोंडानंच."

ती कॅसेट कोणत्या कंपनीची, हे तिला ठाऊक नव्हते. गाणाऱ्याचे नावही नाही. १९८० च्या सुमारास कॅसेट स्वस्त झाली तेव्हा यात्रा-जत्रांतून विकणाऱ्या लहान लहान कंपन्या महाराष्ट्रभर निघाल्या. जे काम एका पिढीपूर्वी 'यंग इंडिया'ने लाखेवर केले ते त्यांनी चुंबकीय फितीवर केले, आणि त्याही बहुतेक तशाच बंद पडल्या. फीत तुटली तेथे नैयायिकांचे म्हणणे खरे ठरले. आणि त्या बाईच्या तोंडी शब्द तसाच उरला, तो तिच्या स्वतःच्या संथ लयीत, म्हणजे मूळ गायकाच्या लयीला सोडून देऊन, तेथे मीमांसकांचे म्हणणे मला प्रथमच पटले.

त्या निनावी गायकाचे नाव मात्र कोणीतरी लिहून ठेवावयास हवे होते, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या पेटीत अशा तबकड्या किंवा फिती असतील, शिवपाठाच्या, शिवकीर्तनाच्या, परमरहस्याच्या पारायणाच्या, मग त्या कोणत्याही लहानशा कंपनीच्या असोत किंवा सप्ताहात कोणी हौसेने उतरवून घेतलेल्या असोत, त्यांनी त्या मोडीत घालू नयेत. वेष्टनावर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल आठवेल तसे लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावे, कारण ती माहिती दुसऱ्या कोणत्याही दफ्तरात नाही. एक प्रत उतरवून सांभाळणाऱ्या एखाद्या संग्राहकाच्या हाती द्यावी. आणि मूळ फीत वाजते आहे तोवर, दिवेलागणीला ती लावून, तिच्यामागून आपल्या तोंडाने म्हणावे.